खिडकीपाशी मशीन

काकींनी पडदा बाजूला सारला, तर मागे भिंत. फिक्या पिवळ्या रंगाची, हात लावला की किंचित थरथरणारी साधी भिंत. त्यांनी पडदा पुन्हा लावला, जणू तेवढ्या वेळात मागे खिडकी उगवणार होती, आणि पुन्हा सारला.

"अहो, खिडकी कुठे आहे?"

कॅप्टन खाटेवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, डॉक्टर पेशंटच्या पाठीवर टेकवतात तसा, आणि समाधानाने मान हलवली.

"जहाजाच्या बरोबर मध्ये आहोत. खालचा मजला. कितीही लाटा येऊ देत, पोटातलं पाणी हलणार नाही."

"पोटातलं नाही हलणार. पण बाहेरचं बघायचं कुठून?"

हे त्यांना ऐकू आलं नाही. त्यांच्या कानांचं हे जुनंच होतं; गैरसोयीचं वाक्य नेमकं डाव्या बाजूने येई.

लेकीने तिकिटं काढली तेव्हा वरच्या मजल्यावरची, गॅलरी असलेली खोली घेतली होती. मधल्या काळात कॅप्टननी तिला परस्पर फोन करून ती बदलायला लावली. उतारवयात वरची खोली घेऊ नये, वर झोके जास्त बसतात, माणसाने खाली आणि मधोमध राहावं, लिफ्ट जवळ असावी, असं सगळं त्यांनी तिला पटवलं. सल्ला चोख होता. पण काकींना सल्ला नको होता, समुद्र हवा होता.

कॅप्टन हे नाव गल्लीने ठेवलेलं. प्रत्यक्षात ते मालवाहू जहाजांवर फिटर होते. रजेवर घरी आले की संध्याकाळी पायरीवर बसत आणि गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती गोळा होत. शाळेच्या इमारतीएवढा देवमासा जहाजाला अंग घासून कसा गेला, सूर्य पाण्यात बुडताना पाणी कसं तांब्यासारखं होतं, एखाद्या रात्री लाटा आतून दिवा लावल्यासारख्या कशा चमकतात. सांगता सांगता ते मध्येच थांबत, विडी झटकत, पोरांचा जीव टांगणीला लावत. आत काकी शिलाईचं मशीन अगदी हळू चालवत, म्हणजे ऐकू यावं. त्या गल्लीभरच्या बायकांचे कपडे शिवत होत्या, दोन पोरं वाढवत होत्या, आणि ऐकताना त्यांच्या मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत. एक, की बरं आहे, आपल्या घरातल्या एका माणसाने तरी जग बघितलं. दुसरी, की सगळं यांनी एकट्यानेच बघितलं. पहिली गोष्ट त्यांनी चारचौघांत अनेकदा बोलून दाखवली. दुसरी कधीच नाही. पण कुठे जायचंय असं लेकीने विचारलं तेव्हा त्या क्षणाचाही विचार न करता जहाज म्हणाल्या होत्या. तुझे बाबा दाखवतील मला, असंही म्हणाल्या होत्या.

आणि बाबा दाखवायला तयार नव्हते.

पहिल्या दिवशी ऊन होतं म्हणून ते डेकवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी वारा होता. तिसऱ्या दिवशी गुडघा. जेवण झालं की ते खालच्या मजल्यावर, जिन्यापाशी एक खुर्ची होती तिथे जाऊन बसत. समोर अग्निशामक नळ आणि एक बंद दार, त्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. तिथे ते डोळे मिटून, पावलं जमिनीवर सपाट टेकवून बसलेले असत. ये-जा करणाऱ्यांना वाटे, आजोबांना डुलकी लागली.

वर काकींना सोबत मिळाली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. नवरा गेल्यापासून त्या दरसाल एकट्या जहाजावर येत आणि जहाजावरच्या यच्चयावत गोष्टींबद्दल त्यांचं ठाम मत असे. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नयेत. बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते, आणि रक्तदाब काही बॅगेची वाट बघत नाही. बूट रबरी तळाचेच हवेत. दारांचे उंबरठे उंच असतात, फोनकडे बघत चालणारे तिथेच दात पाडून घेतात. हे त्यांच्या तोंडून ऐकताना जरा जास्तच खरं वाटे. पहिल्याच दिवशी ताट भरभरून वाढून घेऊ नये, अन्न कुठे पळून जात नाही. मळमळलं तर खोलीत पडून राहू नये, वर यावं आणि पाणी-आभाळ मिळतात त्या रेषेकडे बघत बसावं. किनाऱ्यावर उतरलात तर वेळेच्या बऱ्याच आधी परत या, जहाज जावयासाठीसुद्धा थांबत नाही.

काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि समुद्राकडे बघत बसल्या. तो मोठा होता. निळा होता. पण कुठे बघायचं ते कळत नव्हतं. अनोळखी गावात रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"मिस्टर तुमचे जहाजावरचे, आणि समुद्र तुम्ही एकट्या बघताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझं बरं आहे. वाट तरी बघावी लागत नाही."

ते वाक्य मनाला लागलं. काकी उठल्या, लिफ्टने खाली गेल्या आणि त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. उजव्या बाजूला, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नको.

"इतकी वर्षं एकट्याने बघितलात. आता माझ्याबरोबर बघायचा कंटाळा येतो?"

कॅप्टननी डोळे उघडले.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग, चहा घेतलास का, असं त्यांनी विचारलं. काकी परत फिरल्या. त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तशीही दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका छोट्या सभागृहात प्रवाशांसाठी माहितीचा कार्यक्रम होता, जहाज कसं चालतं यावर. डॉक्टरीणबाईंनी काकींना ओढत नेलं. तिथे एसी चांगला आहे आणि खुर्च्यांना पाठ आहे, एवढंच कारण. जहाजावरची एक इंजिनीअर, वयाने काकींच्या लेकीएवढी, पडद्यावर चित्रं दाखवत होती. आधी जहाज हाकणाऱ्या कप्तानाची जागा, काचाच काचा. मग स्वयंपाकघर. मग तिने पुढचं चित्र लावलं आणि म्हणाली, हे आमचं मशीन.

काकींना आधी काय बघतोय तेच समजेना. जिने, त्याखाली आणखी जिने, माणसाच्या कंबरेएवढे जाड पाइप, पांढरे दिवे. कानांवर मोठाली झाकणं लावलेला एक माणूस लोखंडी जाळीवर उभा. दोन मजली घराएवढं ते धूड, आणि चारही बाजूंना पोलादी भिंत.

"अगं, कोंदट नाही होत?" डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने विचारलं. "एखादी खिडकी तरी ठेवायची."

लोक हसले. ती मुलगीही हसली.

"आजी, हे पाण्याच्या पातळीखाली असतं. खिडकी ठेवली तर बुडूच आपण. हे तर नवं जहाज आहे, आतली माणसं बरीचशी काचेच्या खोलीत बसून काम करतात. पूर्वीच्या मालवाहू जहाजांवर सगळा वेळ मशीनशेजारीच उभं राहावं लागायचं."

काकी हसल्या नाहीत.

लग्न झालं तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, तू दिवसभर काय करतेस. मशीनवर असते, त्या म्हणाल्या होत्या. मग आपलं जमलं, ते म्हणाले होते, मीही मशीनवरच असतो. दोघं हसले होते. पुढे कधी कोणी विचारलं, तर कॅप्टन म्हणत, मी खाली असतो, मशीनवर. काकींचं मशीनही खालीच होतं, तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. उजेडाशिवाय सुईत दोरा जात नाही. तेव्हा जहाजावरचं मशीनही त्यांनी खिडकीपाशी ठेवून दिलं होतं. आपण ते ठेवलंय हे त्यांना कळलंही नव्हतं. गोल खिडकी, तिच्याखाली मशीन, नवरा काम करतोय, मान दुखली की डोकं वर करतोय, आणि समोर समुद्र.

दर वेळी रजेवर ते आधीपेक्षा गोरे होऊन येत. परदेशचं पाणी मानवलं, असं शेजारणी म्हणत. काकीही म्हणत.

देवमासा कोणीतरी बघितला असणार. वर डेकवर काम करणाऱ्यांनी. जेवायला एकत्र बसताना त्यांनी सांगितला असणार, आणि खालून आलेल्या माणसाने तो हातातला घास तसाच ठेवून ऐकला असणार, घरी न्यायचा म्हणून.

चित्रं अजून चालू होती. काकी उठल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. बरं वाटतंय, त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. इतक्या वर्षांचा एक दगड छातीवरून उतरला होता, फक्त तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

खोलीत जाऊन त्यांनी कॅप्टनचा स्वेटर घेतला आणि जिन्यापाशी गेल्या.

"चला. वर जायचंय."

"वारा असेल."

"म्हणून तर स्वेटर आणलाय."

कालचं भांडण अजून शिल्लक आहे का, ते कॅप्टननी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडलं नाही, तसे ते मुकाट्याने उठले.

पुढच्या डेकवर गर्दी होती, कोणीतरी गाणी लावली होती. काकी त्यांना मागे घेऊन गेल्या, पार शेवटच्या कठड्यापर्यंत. तिथे फारसं कोणी नव्हतं. जहाजाखालून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्याचा रुंद पांढरा पट्टा मागे पसरत गेला होता, सरळ, कुठेही न तुटता, आभाळ टेकतं तिथवर.

कॅप्टन कठडा धरून उभे राहिले. वाऱ्याने केस कपाळावर आले तरी त्यांनी ते सारले नाहीत.

"हे पाण्यातल्या पंख्यामुळे होतं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "मशीन पंखा फिरवतं."

"तुम्ही रोज बघत असाल."

"येता-जाता दिसायचं," ते म्हणाले. "असं उभं राहून नाही बघितलं."

काकींनी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. दोन खुर्च्या ओढल्या, पांढऱ्या पट्ट्याकडे तोंड करून लावल्या. दोघं बसले.

"मशीन कुठे असायचं तुमचं?"

थट्टेने विचारतेय की काय, ते बघायला कॅप्टननी मान वळवली. मग खुर्चीच्या पायाशी बोट केलं.

"इथे. बरंच खाली."

"गरम?"

"भट्टी गं नुसती."

आणि मग ते सांगायला लागले. पायरीवर बसून सांगत तसं नाही. तेव्हा शब्द तयार असत, कुठे थांबायचं ते ठरलेलं असे. आता ते अडखळत होते, एक वाक्य सोडून दुसरं धरत होते. आवाज इतका की माणसं हातांनी बोलायची. त्यांनी बोलून दाखवलं: हे म्हणजे तेल कमी आहे, हे म्हणजे वर जा, हे म्हणजे आज जेवण भिकार होतं. शेवटच्या खुणेला काकींना हसू आलं. एक म्हातारा फिटर लोखंडी सळई एका टोकाने मशीनला लावायचा, दुसरं टोक कानाला, आणि कुठला भाग कधी दगा देणार ते सांगायचा. त्याने हे कॅप्टनना शिकवलं, आणि त्यातच त्यांचा डावा कान गेला. पाळी संपवून वर आलं की उजेडाने डोळे दिपायचे, म्हणून माणूस सरळ झोपायच्या खोलीत जायचा.

काकी ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी 'तेल कमी आहे'ची खूण दोन बोटं घासून करून बघितली.

"आणि काम करता करता डोकं वर केलं, की समोर काय दिसायचं?"

काकींनी डोकं वर केलं की रस्ता दिसायचा. कोपऱ्यावर बॅग घेतलेला आपला माणूस वळला, तर तो आधी त्यांना दिसला असता.

कॅप्टननी हवेत बोटाने एक गोल काढला.

"समोर घड्याळ. जहाजाचं," ते म्हणाले. "पण मी हातातलं बघायचो. ते मी कधी बदललं नाही, कुठल्याही बंदराला गेलो तरी. घरची वेळ. आता तू मशीनवर बसली असशील. आता पोरं शाळेतून आली असतील. आता कोणीतरी बाई गळा मोठा झाला म्हणून ब्लाउज परत घेऊन आली असेल."

"कधी नाही झाला माझ्या हातून गळा मोठा."

"वाटायचं आपलं."

बोलता बोलता, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांचं मनगट वळलं. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"आता घरी किती वाजले असतील," ते म्हणाले, "या वेळी घरी..."

"आता घरी कोण आहे?" काकींनी विचारलं.

कॅप्टननी खरंच आठवून बघितलं. मग स्वेटरची बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.