सहा डब्यांची एकच सकाळ

सकाळी सिनेमाचे सहा डबे आले आणि त्यांतल्या दोन डब्यांवर चाराचा आकडा होता. एकचा आकडा कुठल्याच डब्यावर नव्हता. सोबत एक चिठ्ठी होती.

थिएटरच्या ऑपरेटरला सगळे प्रोफेसर म्हणत. डोळ्यांवर जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला पेन. पेन त्याने मुद्दाम लावलेलं. खिशाला पेन असलं की कोणी 'हे जरा वाचून दाखवा' म्हणत नाही, उलट वाचलंच असेल असं धरून चालतात. आकडे त्याला येत होते, तिकिटांवरून आणि घड्याळावरून शिकलेले. अक्षर एकही येत नव्हतं. हे थिएटरात फक्त त्याच्या वहिनीला ठाऊक होतं. ती तिकीट खिडकीवर बसायची. चिठ्ठी आली की ती मशीनच्या खोलीत येऊन हळू आवाजात वाचायची आणि निघून जायची.

पण आज वहिनी आली नव्हती. तिचा नवरा, म्हणजे प्रोफेसरचा थोरला भाऊ, पहाटे दार उघडून कुठेतरी चालू लागला होता. वर्षभर तो एकेक गोष्ट विसरत चालला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, आता माणसं. तो सापडला होता, पण त्याला घरी आणून शांत करेपर्यंत तिला उशीर होणार होता.

मालक जिना चढून वर आला.

"प्रोफेसर, मागच्या महिन्यात तुम्ही रीळ उलटं लावलंत. नायक छताला लटकून लग्न करत होता. लोक अजून हसतात मला. आज पुन्हा काही झालं तर उद्या मशीनवर दुसरा माणूस. आधीच सांगतो, मागाहून गळा काढायचा नाही."

"नाही मालक."

"चिठ्ठी वाचलीत?"

"वाचली," प्रोफेसर म्हणाला आणि त्याने ती घडी करून पेनामागे सरकवली.

या वयात दुसरं काम कोण देणार? मालक गेल्यावर त्याने डबे उघडले. आकड्यांवर भरवसा नसला की तो नेहमी एकच करायचा. रिळाचं तोंड हातभर उलगडून उजेडासमोर धरायचं आणि चित्रांवरून क्रम लावायचा. नायक लहान असेल ते पहिलं, रडारड असेल ते शेवटचं. वीस वर्षं हे कधी चुकलं नव्हतं. सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर कोणीतरी काहीबाही खरडलेलं असायचं. ते सोडून द्यायचं.

पहिलं रीळ उजेडासमोर धरलं. सैन्याच्या भटारखान्यात एक बाई बाकावर झोपली आहे, चुलीवर किटली आहे, बाई दचकून उठते. दुसरं धरलं. तीच बाई, तीच किटली. तिसरं, चौथं, सगळी तीच! त्याने चष्मा पुसला. सहा डब्यांत एकच सकाळ.

त्याला वाटलं, पाठवणाऱ्याने एकाच रिळाच्या सहा प्रती पाठवल्या. मग त्याने आणखी पुढे उलगडून पाहिलं. एका रिळात बाई मागे न बघता गोळी झाडत होती. एकात अडखळत, एकात डोळे मिटून. एकात तिने शिरस्त्राणच उलटं घातलं होतं. आता त्याला धागा सापडला. माणूस आधी धडधाकट असतो, मग हळूहळू त्याच्या हातून एकेक सुटत जातं. घरी रोज दिसत होतंच. गोळी नीट झाडणारी बाई पहिली, उलट्या शिरस्त्राणाची शेवटची.

बाराचा खेळ सुरू झाला. आभाळातून ओल्या छत्र्यांना पाय फुटल्यासारखे प्राणी उतरले. बाईने त्यांच्या राजाला भटारखान्याच्या सुरीने मारलं, किटलीतला चहा कपात ओतला आणि वीस मिनिटांत पडद्यावर नावं सरकायला लागली. लोक चक्रावले. काही उठून चपला शोधू लागले. तेवढ्यात दुसरं रीळ लागलं, बाई पुन्हा बाकावर दचकून उठली, आणि लोक खाली बसले. प्रोफेसरला घाम फुटला. पण हल्लीच्या सिनेमात नावं कुठेही येतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढे बाई दर वीस मिनिटांनी थोडी कमी शूर होत गेली. शेवटच्या रिळात ती मेली, बाकावर उठली आणि समोरच्या हवालदाराकडे बघून म्हणाली, "मी तुम्हाला ओळखते का?" तिथे पडदा पांढरा झाला.

खाली लोकांचा गलका उडाला. वर मशीनच्या खोलीपर्यंत ऐकू येत होता.

"मारामारी एक नंबर, प्राणी झकास," कोपऱ्यावरचा शिंपी म्हणत होता. "पण आधी जिंकली, मग हरली? माझं डोकं आतून उसवलंय."

"दिग्दर्शकाला काहीतरी खोल म्हणायचं असेल," दवाखान्यातली नर्स म्हणाली.

"खोल म्हणायचं तर विहिरीत उतरून म्हणावं. आम्ही तिकीट काढलंय."

"तरी शेवट लागला हो मनाला."

"तो लागला खरा," शिंपी कुरकुरला.

तेवढ्यात वहिनी वर आली. तिचे डोळे लाल होते.

"भावोजी, शेवटचा भाग मागे उभं राहून पाहिला मी. 'मी तुम्हाला ओळखते का?' आज सकाळी ह्यांनी मला हेच विचारलं. असा खरा सिनेमा मी पाहिला नव्हता कधी."

"वहिनी, आधी हे वाचा."

तिने चिठ्ठी उलगडली. "'डबे जुने आहेत, आकड्यांकडे लक्ष देऊ नये. रिळाच्या तोंडाशी क्रमांक अक्षरांत लिहिला आहे. सिनेमात तीच सकाळ पुन्हा पुन्हा येते, तरी गोंधळ करू नये.'" तिने पट्ट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही सहाव्यापासून पहिल्याकडे गेलात. ती बाई विसरत नाही हो, दर सकाळी शिकत जाते."

"शिकत जाते? मग आमच्या दादाचं…"

"तुमच्या दादांचं वेगळं." तिने चिठ्ठीची घडी घातली. "कोणाला कळलेलं नाही. तीनच्या खेळालाही असाच लावा."

तेवढ्यात मालक आला, हातात कात्री घेऊन. "लोकांना कळला नाही, पण बोलतायत खूप! चालेल. फक्त ती मधली नावं कापून टाका, लोक उठतात."

कात्री प्रोफेसरच्या हातात आली. गप्प बसलं तर नोकरी वाचत होती. पण कापलेली नावं पुन्हा कोण चिकटवणार? आणि ती कोणाची होती हेसुद्धा त्याला वाचता येत नव्हतं.

"मालक, ती नावं मधली नाहीत, शेवटची आहेत. मी सगळंच उलट लावलं. मला वाचता येत नाही."

मालकाने त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "मग हे पेन?"

"त्यात शाई पण नाही."

मालकाने वहिनीकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. "तीनचा सरळ लावा. नंतर बघतो तुमचं काय करायचं ते."

वहिनीने एकेक पट्टी वाचली: पहिले, दुसरे, तिसरे. खिडकीवर मालक स्वतः बसला. तीनचा खेळ वहिनीने मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून पूर्ण पाहिला. या वेळी बाई शिकत गेली, जिंकली, किटलीतला चहा कपात पडला.

"कसा वाटला?" प्रोफेसरने विचारलं.

"लढाई छान. शेवट खोटा." तिने नाक पुसलं. "उद्या पुन्हा बघीन." आणि ती नवऱ्याकडे जायला घाईने निघाली.

जिन्यात मालकाची पावलं वाजली.

"शिंपी आणि नर्स दोन्ही खेळांना बसले होते. शिंपी म्हणतो, बाराचाच बरा. नर्स म्हणते, हा. मला काही सुधरत नाही. खरा कोणता, प्रोफेसर?"

"लिहिलंय तो."

"कुठे लिहिलंय?"

प्रोफेसरने पहिल्या रिळाची पट्टी पुढे धरली आणि आज दुपारीच ओळख झालेल्या अक्षरांवर एकेक करून बोट ठेवलं. "प… हि… ले."

मालकाने मान वाकडी करून पाहिलं. पट्टी त्याच्या हातातून घेतली, खालची बाजू वर केली आणि सरळ करून परत दिली.

"उद्या बाराच्या आधी या," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.