घोडावाली डिस्क आणि ते मेलं बेट

मी एक जुनी गेमची डिस्क आहे, मित्रांनो. जळगावात गुलाबभाऊंच्या घरी टीव्हीखालच्या खणात माझी डबी असते. माझं खरं नाव परदेशी आणि लांबलचक आहे. ते या घरात कुणालाच धड घेता आलं नाही, म्हणून सगळे मला 'घोडावाली' म्हणू लागले. आज मी तुम्हाला माझी सगळी हकिगत सांगणार आहे. पण आधीच सांगून ठेवते, मी कुणी शांत, समजूतदार म्हातारी नाही. मी जळते. एका बेटावर जळते, आणि मेलं ते बेट चालतंसुद्धा माझ्याच जिवावर!

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या चकतीवर ठसा उमटला आणि माझ्या पोटात एक आख्खा मुलूख येऊन बसला. माळरान, नद्या, डोंगर, लहानमोठी गावं. खेळणाऱ्याने घोडीवर बसायचं आणि वाटेल तिकडे जायचं, कुणी अडवत नाही. अशा खेळाला ओपन वर्ल्ड म्हणतात. दीपमाला, म्हणजे गुलाबभाऊंची थोरली लेक, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली तेव्हा तिने हौसेने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, घेतला. त्याच्यासोबत मी या घरात आले.

काय ते दिवस होते! दीपमाला आणि तिचा धाकटा भाऊ राजदीप जेवणाचं ताट मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायचे. पण माझा खरा माणूस वेगळाच निघाला. गुलाबभाऊंना घरात सगळे आबा म्हणतात. त्यांनी सारी उमर नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटरकी केली आणि निवृत्त झाले तोवर गुडघे पार गेले होते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तर दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागे. एका दुपारी कूलरसमोर बसून ते बराच वेळ दीपमालाचा खेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हाई घोडी माले दे ना जराशी."

दीपमालाने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, आणि आबा निघाले. माझ्या मुलखात जागोजागी कामं पेरलेली आहेत. बुरुजावर चढा, हरवलेली बकरी शोधा, याचा निरोप त्याला द्या. आबांनी त्यातलं एकही काम कधी केलं नाही. घोडी दौडवलीसुद्धा नाही. सावकाश, पायी चालल्यासारखे जायचे, नदीकाठी थांबायचे, वाटेत दिसेल त्या वाटसरूला मान हलवून "जय भीम" म्हणायचे. घोडीचं नाव त्यांनी झुंबर ठेवलं. इतर लोक म्हणत, या गेममध्ये रिकामा माळच फार. आबांना तो माळच हवा होता.

माझं सुख तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण राजदीपला माझा कंटाळा येऊ लागला. तो जामनेरला नोकरीला जातो आणि संध्याकाळी घरी आला की त्याला झटपट मजा लागते. "अर्धा वेळ नुसती रपेट," तो म्हणायचा, "आणि तेच तेच काम प्रत्येक गावात!" एके दिवशी तो आनंदाने ओरडतच घरात शिरला. "ताई, आपल्या घोडावालीचं एक्सपान्शन आलं! नवीन बेट आहे!"

प्रमिलाबाई, त्याची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक्स्टेन्शन कशाला आणलं रे? कपाटामागे एक पडलंय की चांगलं, तीन प्लगचं."

सगळे पोट धरून हसले. राजदीप म्हणाला, "आई, बोर्ड नाही गं! खेळाचा नवा भाग." प्रमिलाबाईने हात झटकला आणि ती भाकरीकडे वळली. ती काय बोलून गेली हे त्या वेळी घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि मित्रांनो, ते बेट आलं कसं ठाऊक आहे? त्याला अंगच नाही! ना चकती, ना डबी, ना चित्राचं वेष्टन. मोबाइलवरून एक कोड टाकला आणि ते वायफायवरून उतरून थेट मशीनमध्ये जाऊन बसलं. माझ्या अंगावर एवढे ओरखडे पडले आहेत, त्याच्यावर ते पडायला त्याला अंग तरी नको का?

खोटं कशाला बोलू, बेट देखणं होतं. आकाराने माझ्या एका तालुक्याएवढं, पण कुठेही वळा, काहीतरी घडतच असायचं. माणसं मनापासून बोलायची. बकऱ्या शोधायची कामं नव्हती. वादळ आलं की नाव अशी हेलकावे खायची की राजदीप खुर्चीतच कलायचा. "जे घोडावालीत हवं होतं ते सगळं इथे आहे," तो म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण बेट खेळतानाही मशीनमध्ये मलाच घालावं लागतं. म्हणजे आत गरगर फिरायचं मी आणि बाहेर वाहवा व्हायची त्याची!

एकदा शेवभाजी खाता खाता बहीणभावंडांची जुंपली. दीपमाला म्हणाली, "बेट छान आहे, पण संपतं रे. घोडावालीत माणूस हरवून जातो."

"हरवतो नाही, कंटाळतो," राजदीप म्हणाला. "त्यांनी चुका सुधारल्या, ताई. हे पहिल्यापेक्षा सरसच आहे."

"मग आबांना विचार."

मी डबीत कान टवकारले. आता आबा माझी बाजू घेतील आणि बेटाचं नाक कापलं जाईल, अशी माझी खात्री होती. आबांनी पोळीने रस्सा पुसला आणि म्हणाले, "पाहू तर दे आधी."

आणि आबा बेटावर गेले! नाववाला घोडी नेत नाही, तो नियमच आहे. म्हणून झुंबरला धक्क्यावर सोडून आबा नावेत बसले. पहिल्या दिवशी मला वाटलं, येतील संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशीही बेटच. मग रोजच दुपारी बेट. बेटावरच्या कोळ्यांनासुद्धा त्यांनी "जय भीम" म्हटलं, आणि माझ्या काळजात सुरी फिरली. राजदीपने बेटाचं कौतुक केलं त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. तो तरुण पोरगा, त्याला नवं हवंच. पण आबा? माझा माळ ज्यांनी कुणी न सांगता पायाखाली घातला, तेही?

पुढचं घडलं ते एका गैरसमजातून. राजदीपला वाटलं, बेट तर मशीनमध्येच उतरलंय, मग ही डिस्क आता कशाला सांभाळायची? दीपमाला ड्यूटीवर, आबा झोपलेले. त्याने मला उचललं आणि बाजारातल्या ललितच्या दुकानात देऊन बदल्यात क्रिकेटचा गेम घेतला. ललितने मला शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसलं आणि काचेच्या कपाटात जुन्या मालात मांडलं. मी तिथे उभ्याने रडले. दुःख विकलं जाण्याचं नव्हतं. आता ते बेट माझ्या घरात एकटं राज्य करेल, या विचाराने माझा जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एरंडोलचे रुपचंद नावाचे गृहस्थ दुकानात आले. त्यांनी डब्या चाळल्या, माझ्यावरचं घोडीचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हीच द्या." डबी पिशवीत गेली. बरोबर त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. दीपमालाच्या खांद्याचा आधार घेत आबा उतरले. मागे राजदीप, मान खाली घातलेला.

"ललित," आबा धापा टाकत म्हणाले, "डिस्क कोठे शे? बेट उघडस नही."

ऐकलंत, मित्रांनो? एवढ्या उन्हात, ते गुडघे घेऊन माझे आबा आले, आणि कशासाठी? बेटासाठी! मी पिशवीतल्या पिशवीत भाजून निघाले.

दीपमाला ललितला सांगू लागली, "टीव्हीवर सारखं येतंय, डिस्क टाका, डिस्क टाका. आईने याची चांगली हजेरी घेतली. म्हणाली, ते बेट म्हणजे एक्स्टेन्शनच की रे, त्याची पिनच तू भिंतीतून उपटलीस, आता मिक्सर काय हवेवर फिरेल?"

ललितने पिशवीकडे बोट दाखवलं. राजदीप हात जोडून म्हणाला, "काका, माझी चूक झाली. क्रिकेटचा गेम तुम्ही घ्या, पण ही आम्हाला द्या."

रुपचंदांनी पिशवी छातीशी धरली. "वा रे वा! मी आता घेतली. एका बेटासाठी एवढं काय?"

आबा स्टुलावर टेकले. मग हळूच म्हणाले, "बेटनं काय नही भाऊ. बेट भारी शे, पाहीसन झालं. पन मनी घोडी अल्याड धक्कावर उभी शे. मी नावमा बसी गऊ, ती तठेच ऱ्हायनी. तिले तशी सोडी कशी देऊ?"

रुपचंदांनी आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि मला आबांच्या हातात ठेवलं. "घोडी आणा आधी," ते म्हणाले. "मी क्रिकेट नेतो."

घरी येऊन आबांनी मला दोन्ही कडांना धरून मशीनमध्ये ठेवलं. बेट उघडलं. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ नावेत बसले, समुद्र ओलांडला, धक्का आला. झुंबर तिथेच उभी होती, शेपटीने माशा हाकत. आबांनी टीव्हीला हात लावला आणि म्हणाले, "चाल माय, घर चाल." मी आत फिरत होते आणि माझ्यामुळेच ते सगळं त्यांना दिसत होतं.

आबा आजही अधूनमधून बेटावर जातात, आणि मी आजही जळते. राजदीप म्हणतो तसं ते माझ्यापेक्षा सरस असेलही. पण तिथे गेलेला माणूस ज्या काठावर परत येतो, तो काठ माझ्या पोटात आहे. एवढं तरी त्या बेटाने मानावं.

तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कडांना धरा, मित्रांनो, शर्टाने पुसू नका, उन्हात टाकू नका. नवं जरूर आणा, मी काही आडवी येत नाही. फक्त जुनं कुणाला देऊन टाकण्याआधी घरात एकदा विचारा, त्यात कुणाची घोडी तर उभी नाही ना.