उंच बांधलेली मान

मी मैना. नांदेडच्या रस्त्यांवर वरातीत तुम्ही मला पाहिलं असेल. अंगावर जरीची झूल, मान आभाळाकडे. "काय ऐट हाय घोडीची!" लोक म्हणतात. ती ऐट नाही. तेच सांगायला बोलतेय.

लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी शिंगरू होते, विरूपाक्षआप्पांच्या दावणीला. पहाटे माळवद कोसळलं, आई गेली, आणि एक लाकूड माझ्या मानेवर पडलं. आप्पांच्या घरातलंही कुणी उरलं नाही.

मदतीच्या ट्रकमधून भाकरी वाटायला लातूरचा टांगेवाला जिलानी आला होता. आप्पांनी माझा दोर त्याच्या हातात दिला.

"घेऊन जा हिला. पण विकू नको."

"जबान दिली, आप्पा," जिलानी म्हणाला.

माझी मान वरून खचली होती, खालून फुगली होती. आयाळ एका बाजूला गळून गेली होती. मी सदा तोंड वर करून चालायचे, खाली वाकलं की कळ यायची. जिलानीनं घाई केली नाही. चारा गव्हाणीत न टाकता जमिनीवर ठेवायचा, म्हणजे मला हळूहळू मान लांबवावी लागे. गाजर पुढच्या पायांमध्ये धरायचा. तिळाचं तेल चोळायचा, उरलेली आयाळ ओली करून उघड्या बाजूला वेणीत बांधायचा. टांग्याला जुंपली तरी लगाम ढिलाच. काही वर्षांनी मान भरली. पुरती नाही, पण दुखेनाशी झाली. त्याचा हात लागला की मी डोळे मिटायचे.

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गावोगावची पोरं पेट्या-गाद्या घेऊन उतरायची, आणि मी त्यांना खोल्यांवर पोचवायचे. आमचे बरे दिवस ते. पण पोरं वाढली तसे ऑटोही वाढले. टांग्याकडं कुणी बघेना. त्यातच जिलानीच्या मुलीला, जेबाला, डॉक्टरकीच्या शिकवणीत घालायचं ठरलं.

"आप्पांना जबान दिली होती तुम्ही," त्याची बायको सालेहा म्हणाली.

"जबानीवर पोरगी डॉक्टर होत न्हाई."

मी तिथंच उभी होते. माणसं जनावरासमोर सगळं बोलतात.

माळेगावच्या जत्रेत त्यानं मला नेलं. सकाळी तेल लावलं, वेणी घातली. मी डोळे मिटले. मग त्यानं लगामाला पट्टा अडकवून खोगिराला असा आवळला, की माझं तोंड वर झालं आणि खचलेली मान कमानीसारखी दिसू लागली. आयाळीच्या उघड्या जागी काळी लोकर गुंफली. कुठं दुखतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नांदेडचे शेषेराव वरातीची घोडी शोधत होते. "मान अशीच ऱ्हाते का हिची?"

"जन्मापासून, साहेब. पट्टा तेवढा आवळून ठेवा."

शेषेराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकलं तसंच केलं. प्रत्येक वरातीत पट्टा आवळलेला, ढोल कानाशी, वर नवरदेव. खालचं मांस पुन्हा फुगलं, वरचं पुन्हा खचलं.

एका वरातीत मला ओळखीचा वास आला. वऱ्हाड्यांमध्ये जिलानी होता, पांढऱ्या शेरवानीत. मी पट्ट्यासकट तोंड त्याच्याकडं वळवलं, फुरफुरले. त्यानं माझ्या मानेकडं पाहिलं. हात उचलला. मला वाटलं, आता तो बकल काढील.

"ओळखता काय घोडीला?" शेषेरावांनी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला, आणि उचललेला हात रुमालानं पुसत गर्दीत शिरला.

लाकूड पडलं तेव्हा इतकं दुखलं नव्हतं.

आता मी म्हातारी झाले. मान वळत नाही. हे पट्ट्यानं झालं असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितल्यावर शेषेराव हळहळले, पण लग्नसराई आली की पट्टा पुन्हा आवळतातच.

तुम्ही वरातीत नाचाल. जरा थांबून घोडीच्या लगामाकडं बघा. पट्टा ताणलेला दिसला, तर म्हणा, "भाऊ, थोडा ढिला करा." एवढंच. ती तुम्हाला ओळखत नसेल, तरी मान खाली घालून तुमचा हात हुंगेल.