काय बघावं, काय ऐकावं सांगणारा फळा

शाळेच्या भिंतीवर मी कधी लागलो नाही. माझ्यावर कुणी गणितं सोडवली नाहीत, की सकाळी सुविचार लिहिला नाही. तरी मी फळाच आहे. केजच्या बसस्थानकासमोर एका कॅसेटच्या दुकानाबाहेर माझी उमेदीची वर्षं गेली आणि आता म्हातारपणी मी दिंद्रुडला एका घरात येऊन पडलो आहे. इथं दुपारी निवांत असतं, म्हणून बोलतो.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. भारत आणि त्याची बायको पंचशीला यांनी दुकान काढलं, तेव्हा सुतारानं कॅसेटी ठेवायला भिंतभर कप्पे ठोकले. त्यातून उरलेला प्लायवूडचा तुकडा म्हणजे मी. बरेच दिवस मी मोरीच्या कडेला उभा होतो. मला काही काम नव्हतं.

दुकानात गाण्याच्या कॅसेटी विकायच्या, सिनेमाच्या कॅसेटी आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचे. एका कप्प्यात कथा-कादंबऱ्या होत्या. तो कप्पा पंचशीलाच्या हट्टापायी आला होता. लग्न, बारसं, मुलीची पाठवणी, काही असलं की आसपासच्या खेड्यांतली माणसं जीपनं यायची आणि म्हणायची, काहीतरी चांगलं द्या. भारत स्वभावानं भला माणूस. त्याला सगळंच चांगलं वाटायचं. वेष्टनावरचं चित्र बघून तो सांगायचा, घेऊन जा, झकास आहे.

असाच एक सिनेमा त्यानं आप्पा नावाच्या एका वयस्कर गिऱ्हाइकाला दिला. त्यांच्या घरी नातवाचं बारसं होतं. दुसऱ्या दिवशी आप्पा कॅसेट परत द्यायला आले. गल्ल्यावर कॅसेट ठेवून म्हणाले, "भारतराव, सुना उठून आत गेल्या. पाव्हण्यांत मान वर करता आली न्हाई मला."

आप्पा गेल्यावर पंचशीलानं नवऱ्याला विचारलं, तुम्ही तो सिनेमा बघितला होता का? भारतनं नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, मग आपण लोकांच्या घरात काय पाठवतो ते आपल्यालाच माहीत नाही. त्याच आठवड्यात तिनं मला बाहेर काढलं, काळा रंग दिला, दोन भोकं पाडून तार ओवली आणि दाराशेजारी टांगलं. वर पांढऱ्या रंगानं कायमचं लिहिलं: ‘या आठवड्यात काय बघावं, काय ऐकावं, काय वाचावं’.

तेव्हापासून दुकानात आलेलं नवं काहीही आधी पंचशीला बघायची, ऐकायची, वाचायची आणि मग माझ्यावर लिहायची. तिचं अक्षर गोल, टपोरं होतं. खडू ती कधी दाबून धरायची नाही. लिहायची थोडंच. एका सिनेमाबद्दल लिहिलं होतं, ‘मध्यंतरापर्यंत बघा. त्यानंतर भाकरी करायला उठलात तरी काही चुकणार नाही.’ एका कादंबरीबद्दल, ‘सुरुवात कंटाळवाणी आहे. ती सोसा. पुढं पुस्तक तुम्हाला सोडणार नाही.’ एका गाण्यांच्या कॅसेटबद्दल नुसतं, ‘वाद्यं फार, गाणं कमी.’

हळूहळू माझ्यासमोर माणसं थांबायला लागली. बसची वाट बघणारी थांबायची. तहसीलला आलेली माणसं काम झालं नाही की इथं येऊन मन रमवायची. ज्याला वाचता यायचं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मग भांडायचे. मी एक पाहिलं आहे, माणसाला न आवडलेली गोष्ट दुसऱ्यालाही आवडली नाही हे कळलं की फार बरं वाटतं. आणि आवडलेली गोष्ट कुणी नाकारली, की तो घरी जायची बस सोडून वाद घालतो. पंचशीला गल्ल्यावरून ऐकत बसायची. बहुतेक वेळा हसायची.

सुगी झाली की पंचशीलाची आई, केशरबाई, दिंद्रुडहून लेकीकडे राहायला यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. लेकीच्या शेजारी बसून त्या सिनेमा बघायच्या आणि मधेच विचारायच्या, ह्या बाईला घरी काम न्हाई का? पंचशीलाला ते इतकं पटायचं, की पुष्कळदा तिच्या लिहिण्यात आईचं बोलणंच यायचं. कधी दोघींचं जमायचं नाही. मग माझ्यावर खाली आणखी एक ओळ पडायची, ‘आईला मात्र आवडला.’

आता सतीशचं सांगतो. सतीश पंचशीलाचा धाकटा भाऊ. त्याचा आवाज असा, की तो दुकानात नुसता बोलला तरी माझी तार थरथरायची. जयंतीला, लग्नात, कुणाच्या घरी पहिलं मूल झालं तरी त्याला गायला बोलवायचे. त्याला गाणं शिकवायला कुणी नव्हतं. शाळेतल्या बक्षिसापासून त्याच्या प्रत्येक गाण्याला पहिली टाळी पंचशीलाची असायची. ती त्याच्याहून मोठी, म्हणून तो तिला आक्का म्हणायचा.

एका वर्षी एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी औरंगाबादला जाऊन त्यानं स्वतःची कॅसेट काढली. खोकं खांद्यावर घेऊन तो दुकानात आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. वेष्टनावर त्याचा फोटो होता, नवा कोट घातलेला. भारतनं लगेच कर्ण्यावर कॅसेट लावली. रस्त्यावरची माणसं आत डोकावून सतीशला बघून गेली. पंचशीलानं त्याला पेढा भरवला.

संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर तिनं कॅसेट एकटीनं ऐकली. मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली. दुसऱ्या दिवशी माझ्यावर लिहायचा दिवस होता. खडू हातात घेऊन ती माझ्यापुढं नुसती उभी राहिली. भारत तिला म्हणाला, ह्या वेळी गाण्यांचं राहू दे, सिनेमाचं तेवढं लिही. ती म्हणाली, "भावाचं सोडलं, तर उद्यापासून बाकीच्यांचं कोणत्या तोंडानं लिहू?"

आणि तिनं लिहिलं, ‘सतीश माझा भाऊ आहे. त्याची ही पहिली कॅसेट. आवाज भरदार. पण बहुतेक गाण्यांच्या चाली दुसऱ्यांच्या घेतल्या आहेत आणि आवाजही दुसऱ्यासारखा काढला आहे. एकच गाणं त्याच्या स्वतःच्या आवाजात आहे. तशी गाणी त्यानं अजून म्हणावीत.’

माझ्यावर पुष्कळ काही लिहिलं गेलं, पुसलं गेलं. पण त्या दिवशी ते शब्द मला जड झाले. मनात आलं, वारा सुटावा, कुणाची तरी ओली पिशवी घासून जावी. काही झालं नाही. सतीश दुपारच्या बसनं आला. सोबत त्याचे दोन मित्र होते. मित्रांनी आधी वाचलं आणि ते बाजूला सरकले. मग त्यानं वाचलं.

तो आत गेला नाही. दारातूनच म्हणाला, "आक्का, हे मला घरी सांगितलं असतंस. चव्हाट्यावर कशाला लिव्हलं?"

पंचशीला उठून बाहेर आली. म्हणाली, "तुझी कॅसेट बी चव्हाट्यावरच आली न, सतीश. दुसऱ्या कुणाची असती तर बरी हाय म्हणून सोडून दिलं असतं. तुझी हाय म्हणून दोनदा ऐकली."

"दोनदा ऐकली," एवढंच तो म्हणाला. आत जाऊन त्यानं खोकं उचललं आणि निघून गेला. कॅसेट वाईट नव्हती. पुष्कळांनी नंतर येऊन मागितली. पण दुकानात एकही शिल्लक नव्हती.

त्यानंतर पंचशीलानं बरेच दिवस माझ्यावर काही लिहिलं नाही. मी कोरा लटकत होतो आणि माणसं येऊन कोऱ्या फळ्याकडं बघून जात होती. शेवटी आप्पाच एकदा म्हणाले, पोरी, पाव्हणे यायचेत आणि आम्ही आंधळ्यासारखं काय न्यावं? मग तिनं पुन्हा खडू घेतला. लिहिणं पूर्वीसारखंच खरं होतं, पण लिहून झाल्यावर ती आता बाहेर थांबायची नाही.

सतीशनं गाणं सोडलं. दिंद्रुडला खताच्या दुकानात तो कामाला लागला. पंचशीला आईला भेटायला गेली, की तो कामावरून उशिरा यायचा. भांडण असं झालं नाही. बोलणंच संपलं.

पुढं सीडी आल्या, डीव्हीडी आल्या. मग लोक मोबाइलचं कार्ड आणून द्यायचे आणि गाणी भरून न्यायचे. एवढ्या गाण्यांतली चांगली कोणती, असं विचारायला कुणाला वेळ नव्हता. मग तेही बंद झालं. भारतनं कप्पे काढून झेरॉक्सचं यंत्र आणलं आणि दारात ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील अशी रंगीत पाटी लागली. मला घरी नेलं. घराच्या मागं पाण्याचं पिंप होतं, त्यावर झाकण म्हणून मला घातलं. माझ्यावर लिहिलेलं वरचं वाक्य आकाशाकडं तोंड करून पडलं. एक कोपरा फुगला. कावळे येऊन बसायचे.

पंचशीलाची सवय मात्र गेली नव्हती. तिची मुलगी स्वप्नाली पुण्यात नोकरीला लागली. ती सुट्टीच्या दिवशी फोन करून विचारायची, आई, आज काय बघू? पंचशीला पिंपाजवळ कपडे धूत बोलायची आणि मी सगळं ऐकायचो. मग स्वप्नालीच्या मैत्रिणी विचारायला लागल्या. पंचशीला फोनमध्ये बोलून पाठवायला लागली. सिनेमा, नवी गाणी, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक, सगळ्याबद्दल. ते बोलणं नातेवाइकांत फिरत फिरत दिंद्रुडला सतीशच्या मुलीकडं, सायलीकडं पोचलं.

तिकडं केशरबाई घरात पडल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलं होतं आणि नजरही गेली होती. पंचशीला जमेल तेव्हा जाऊन यायची. दिवसभर खाटेवर त्यांना करमत नव्हतं. सतीशनं टीव्ही लावला, फोनवर गाणी लावली, त्या म्हणायच्या बंद कर. एकदा सायलीनं आत्याचं फोनमधलं बोलणं लावलं. केशरबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, पुढचं कवा सांगणार हाय ती?

त्या रविवारी सतीश केजला आला. पंचशीला पिंपातून पाणी काढत होती. मला तिनं बाजूला उभं केलं होतं. इतक्या वर्षांनी दारात भाऊ बघून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सतीशनं इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"आक्का, आईला काय लावू ते सांग. मला कळंना झालंय."

पंचशीलानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "सकाळी का दुपारी?"

"दिवसभर."

"दिवसभर एकच न्हाई चालत माणसाला. सकाळचं येगळं, दुपारचं येगळं."

भारतनं आतून खुर्च्या आणल्या. दोघं बहीणभाऊ चहा गार होईपर्यंत आईबद्दल बोलत बसले. तिला कोणता आवाज आवडतो, कोणत्या गोष्टीनं हसू येतं, कशानं रडू येतं. सगळं लक्षात कसं राहायचं, असं सतीश म्हणाला. घरात तो असतो, कधी सायली, कधी त्याची बायको. सगळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे. पंचशीलाची नजर माझ्याकडं वळली.

मला घासलं, वाळवलं, नवा रंग दिला. पुढच्या फेरीला सतीशनं मला जीपच्या टपावर बांधून दिंद्रुडला आणलं आणि आईच्या खाटेसमोर ठोकलं. पंचशीला दर रविवारी येते आणि माझ्यावर लिहून जाते. ‘सकाळी बासरी, आवाज बारीक ठेवावा. दुपारी नवी कादंबरी, सायलीनं वाचावी, भरभर वाचू नये. संध्याकाळी सिनेमा, पण पडद्यावर काय चाललंय ते कुणीतरी शेजारी बसून सांगावं.’

शेजारी बसून सांगायचं काम बहुतेक सतीशवर येतं. सुरुवातीला तो नुसता वाचायचा. मग एक दिवस बासरीपुढं त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, ‘आई झोपली.’ सिनेमापुढं लिहिलं, ‘हिरो तिला आवडला न्हाई, सासरा आवडला.’ पंचशीला रविवारी आली, की पर्स खांद्यावरून काढायच्या आधी ते वाचते.

मागच्या आठवड्यात फोनची बॅटरी संपली होती आणि गावात वीज नव्हती. केशरबाई कुरकुर करायला लागल्या. सतीश खाटेच्या कडेवर बसला, घसा साफ केला आणि गायला लागला. आवाज आता पहिल्यासारखा भरदार नाही. मधे फाटतो. कुणासारखा काढायचा, हेही तो विसरून गेला असावा. गाणं संपल्यावर केशरबाई काहीतरी पुटपुटल्या. सतीश हसला आणि खडू शोधून माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, ‘मी एक गाणं म्हटलं. आई म्हणाली, म्हणताना एवढी घाई कशाची?’

रविवारी पंचशीलानं ते वाचलं. सतीश दारात उभा होता, लहान मुलानं निकालाला उभं राहावं तसा. ती खडू घेऊन खाली वाकली. तिचं ते गोल अक्षर आता थोडं हलतं. तिनं लिहिलं, ‘आईचं बरोबर आहे. पुन्हा म्हणावं.’

त्या दोन ओळी अजून कुणी पुसल्या नाहीत. बाकीचं दर रविवारी बदलतं, फडकं तेवढ्याला वळसा घालून जातं. माझी जागा कमी पडते, फुगलेल्या कोपऱ्यावर अक्षर नीट उमटत नाही, तरी माझी तक्रार नाही. तुमच्या घरात असा फळा नसेल. पण कुणी एकटं काही बघत, ऐकत बसलं असेल, तर शेजारी जाऊन बसा आणि कसं आहे ते विचारा. वाईट आहे म्हणालं, तरी उठून जाऊ नका.

आता बोलणं पुरे. सायली पुस्तक घेऊन आली आहे, केशरबाईंनी उशी वर सरकवून घेतली आहे, आणि काल गोष्ट अशा ठिकाणी थांबली होती की मलाही पुढचं ऐकायचं आहे.