माळवदावरून खाली

रखमाजीनं काठी भिंतीला टेकवली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पांढऱ्या मातीचं टोपलं त्यानं दोरीला बांधून ठेवलं होतं. वर, घराच्या सपाट मातीच्या छतावर गेल्यावर ओढून घ्यायचं.

ओसरीत सून चतुरा डाळ पाखडत होती. लग्न होऊन चार वर्षं झाली, पण सासऱ्याशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. घराची रीतच तशी. सांगायचं असेल ते दारातल्या शेळीला सांगायचं, मोठ्यानं.

"बघ गं शेळे," ती म्हणाली, "घरधनी अंबडला कोर्टात पेशीला गेले, अन् इकडं म्हातारी माणसं माळवदावर निघाली. पडली मंजे बोल कुणाला?"

"शेळीला म्हणावं, मी पडून न्हाई राह्यलो," रखमाजी म्हणाला. "चढून राह्यलो."

पौषात त्याची बायको दुर्गाबाई गेली. तेराव्यानंतर आठच दिवसांनी तो न्हाणीच्या ओल्या दगडावर घसरला. हाड मोडलं नाही. पण मुलानं, बद्रीनाथनं, त्याला बाजेवर बसवलं ते बसवलंच. शेतात नको, पारावर नको, पाणीसुद्धा हातात. पोरगं मायेनंच करत होतं. चार महिन्यांत मांड्या वाळल्या आणि भीती तेवढी वाढली. उंबरा ओलांडताना हात आधी चौकट शोधायचा.

उन्हाळ्यात माळवदाच्या भेगा बुजवायच्या, हे चाळीस वर्षं त्याचं काम. यंदा बद्रीनाथ गडी लावणार होता. हे एक कामही गेलं, तर उद्यापासून बाजेवरून उठायचं कशासाठी, हे रखमाजीला सांगता येत नव्हतं.

तो चढला. एकेका पायरीवर थांबत, पण चढला. टोपलं ओढून घेतलं, भेगांत माती भरली, वर पाणी शिंपडून टाचांनी दाबत गेला. टाचांना काम आठवत होतं. अर्धं माळवद झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मग उतरायची वेळ आली. तो शिडीकडं पाठ करून वाकला आणि एक पाय मागं सोडला. पाय हवेतच फिरला. पायरी लागेना. काठाच्या मातीत बोटं रुतली.

"अगं, धरलीस का?" तो ओरडला.

चाळीस वर्षं याच जागेवरून त्यानं हेच विचारलं होतं, आणि खालून दुर्गाबाईचा हुंकार आला होता. खाली सुपाचा आवाज थांबला.

तो तसाच काठाला धरून राहिला.

"धरली," खालून आवाज आला.

तरी त्याचा पाय हवेतच होता. शिडी हलल्यासारखी झाली. कुणीतरी दोन पायऱ्या वर आलं होतं. सणावारी पाया पडताना चतुराची बोटं नुसती टेकायची आणि निघून जायची. आज तिनं त्याचा घोटा गच्च धरला आणि तळवा पायरीवर आणून ठेवला.

"हं. आता दुसरा, मामंजी."

दुसऱ्या पायाला वेळ लागला. ती थांबली.