गृहलक्ष्मी मोजणारं वांगं

पुना आबाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर वांगेबाबा बसले होते. चिमटीत दोरा आणि दोऱ्याला हिरवं, लांबट, भरताचं वांगं! चंपाषष्ठीला खंडोबापुढे ठेवलेलं म्हणून त्याला देवपण आलेलं. उपवर मुलीच्या डोक्यावर बाबा ते धरत. पुढे-मागे झुललं तर मुलगी गृहलक्ष्मी, आडवं झुललं तर घरबुडवी. गावात टीव्ही आला होता, तरी धरणगावच्या आसपासच्या सोयरिकी त्या वर्षी वांग्यावर जमत नि मोडत होत्या.

आज पाळी आबाच्या कोकिळेची होती. ती धुळ्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती आणि पाहुण्यांचा मुलगा पंडित तिला मनापासून आवडला होता. बाबांनी तिचा चष्मा पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटल्यासारखे केले.

"सत्त्वलहरी, रजोलहरी, लहरीवर लहरी..." बाबा पुटपुटले. वांगं थेट आडवं झुललं!

"सोयरं गयं व माय!" कोकिळेची आई ताईबाई कळवळली. पंडितचे वडील रतिलाल नाना टोपी सावरत उठले. पंडित जमिनीकडे बघत राहिला. कोकिळेला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

"बाबा, वांगं मोजतं तरी काय?"

"संसारीपणा, बेटी."

"संसारीपणा म्हणजे काय?"

नाना म्हणाले, काटकसर. त्यांची बायको भागाबाई म्हणाली, माणसं धरून राहणं. मागून कुणीतरी ओरडलं, "भरीत चांगलं करता येनं!"

"म्हणजे काय मोजायचं तेच ठरलेलं नाही, आणि मोजून मात्र झालं! बरं, पुन्हा मोजा. थर्मामीटर दोनदा लावला तर ताप तोच दाखवतो ना?"

"देवाचा कौल दोनदा लावत नाहीत."

"मोजा हो बाबा," नाना म्हणाले. "वांगं खरं शे, मग भ्यानं कसाले?"

इतक्या गर्दीपुढे बाबांना नाही म्हणवेना. कोकिळा घरात गेली. थोड्या वेळाने ओसरीवर तीन घोंगड्या ओळीत मांडल्या गेल्या, प्रत्येकीखाली कोणीतरी बसल्यासारखं.

बाबा दोरा घेऊन ओसरीवर आले. पहिल्या घोंगडीवर वांगं चाचपडलं, मग पुढे-मागे झुललं. "गृहलक्ष्मी! सासूला जन्मात उलटून बोलणार नाही!" दुसरीवर आडवं गेलं. "हीच ती घरबुडवी!" तिसरीवर पुन्हा पुढे-मागे. "सुलक्षणी!"

पहिली घोंगडी काढली. खाली म्हशीच्या सरकीचं पोतं! दुसरी घोंगडी आतूनच उडाली आणि आबाची म्हातारी आई, भिकुबाई अक्का, काठी उगारून उभी राहिली. "मी घरबुडवी? हाऊ बठ्ठा संसार मी उभा कया रे भामट्या!" तिसरीखाली कोकिळा होती. मघाशी घरबुडवी, आता सुलक्षणी.

अंगणात हशा उसळला. कोकिळेने खाली पडलेला दोरा उचलून नानांच्या हाती दिला. "नाना, हात हलवू नका. फक्त मनात म्हणा, आडवं, आडवं."

नानांनी दोरा धरला. वांगं आधी थरथरलं, मग चक्क आडवं झुलू लागलं. "अरे! मी हालाडंच नही!"

"तुम्ही नाही, तुमच्या बोटांनी. मनात येतं ते बोटं करतात, आपल्याला कळतही नाही. बाबांनी माझा चष्मा पाहिला आणि मनात ठरवलं. घोंगडीखालचं दिसेना, तेव्हा नुसता अंदाज ठोकला. वांगं मुलीला मोजत नाही, धरणाऱ्याचं मन दाखवतं."

बाबा लबाड होते की स्वतःही फसलेले, हे कुणाला विचारताच आलं नाही. अक्काच्या काठीपुढे ते वांगं टाकून पसार झाले होते.

रतिलाल नाना पोत्याकडे बघत खजील उभे होते. भागाबाईने कोकिळेला जवळ ओढलं. "उलटून न बोलनारं पोतं ते आमना घर बी शे. माले बोलनारी सून जोयजे." पंडितने आता कुठे मान वर केली.

वाचकहो, दोरा नि वांगं तुमच्याही घरात असेल. करून बघा. आणि उद्या कुणी तुमची लेक, तुमचं नशीब किंवा तुमचं पुण्य मोजायला आला, तर आधी विचारा की बाबा, नक्की काय मोजतोस. मग म्हणा, डोळे बांधून पुन्हा मोज. खरं माप दुसऱ्यांदा मोजायला भीत नाही.