पेन ड्राइव्ह लावूनच घेऊ

चंद्रभान काकांनी लॅपटॉप आधीच पसंत करून ठेवला होता. चांदीसारखा चकचकीत, कीबोर्डखाली निळेजांभळे दिवे. अंजूचे वडील गेल्यापासून घरातल्या मोठ्या खरेद्या काकाच करत. वर्ध्यातला दुकानदार रुपेश त्यांच्या ओळखीचा. अंजूच्या आईने, धुरपताबाईंनी, यायचं, मान हलवायची आणि खोकं उचलायचं, एवढंच काम उरलं होतं.

अंजूने मात्र पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. बीएस्सी कॉम्प्युटरची सगळी प्रॅक्टिकलं विंडोजवर नाही, लिनक्सवर होतील, असं कॉलेजात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि एकदा घेतलेला लॅपटॉप तीन वर्षं बदलता येणार नव्हता.

"भाऊ, याच्यावरून लिनक्स चालू करून पाहू द्या. आतल्या डिस्कले हात नाई लावत."

"आम्ही बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देत नाई," रुपेश म्हणाला. "व्हायरस येते. विंडोज आहे ना याच्यात! घरी नेऊन टाकजो काय टाकाचं ते."

"अन् घरी नाई चाललं त?"

"खोकं फोडलं का वापस नाई."

काका अंजूच्या कानाशी आले. "काऊन माही इज्जत काढून राह्यली वं? मी शब्द देल्ला त्याले."

लिनक्स म्हणजे काय, ते अंजूने आईला दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा धुरपताबाई साडीला पिको करत होत्या. पण बोरगाव मेघेत बावीस वर्षं कपडे शिवलेल्या बाईला यंत्र चालवून घ्यावं हे कोणी शिकवायला नको. शिलाई मशीन घ्यायला त्या पिशवीत जीन्सचा चौपदरी तुकडा आणि आपलं रीळ घेऊन गेल्या होत्या. दुकानातली मऊ चिंधी काय, कोणतीही मशीन शिवते.

त्यांनी स्टूल ओढलं आणि ऐन दारात बसल्या.

"ताई, गिऱ्हाईक येऊन राह्यले."

"येऊ द्या. त्याइलेबी सांगतो, इथं चालवून पाहू देत नाई म्हणून."

रुपेशने काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे.

"पाचच मिनिटं," रुपेश म्हणाला.

अंजूने पेन ड्राइव्ह खोचला. पडदा उजळला.

"पाय, चालला ना!" काका फुलले.

"वाय-फाय दिसत नाई, काका."

दुकानाचा राउटर डोक्यावर लुकलुकत होता. या चांदीवाल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"तुमच्या पेन ड्राइव्हचाच दोष," रुपेश म्हणाला.

"मंग हाच त्या काळ्याले लावा," धुरपताबाई स्टुलावरूनच म्हणाल्या.

काळा लॅपटॉप खालच्या फळीवर होता. जाडा, बिनदिव्याचा. त्याच्यावर दुकानाचं वाय-फाय आलं, शेजारच्या बेकरीचंही आलं. आवाज आला. कॅमेऱ्यात काकांचा आंबट चेहरा आला. झाकण मिटून उघडलं तरी गडी लगेच जागा झाला.

"हा?" काका म्हणाले. "लोखंडी पेटीवानी दिसते. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले प्रॅक्टिकल नाई द्या लागत, काका."

"अन् माहा शब्द?"

"तो तुमच्यापाशीच ठेवा, भाऊजी," धुरपताबाई उठत म्हणाल्या. "आम्ही हा नेतो."

रुपेशने बिलबुक उघडलं. "कोणाच्या नावानं?"

काकांनी सवयीने तोंड उघडलं.

"अंजू धुरपता नगराळे," अंजू म्हणाली. आणि तो लिहीपर्यंत त्याच्या पेनावरची नजर तिने हलवली नाही.